शहरात जुनी फोर बाय फोर: शौक, हिशोब आणि शेवटचे दोन किलोमीटर

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितलेला आहे. "पुण्यात राहतो, फ्लॅट आहे, एक पार्किंग आहे. जुनी फोर बाय फोर घेऊ का?" विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे, पंचविशी-तिशीतले. सोबत एक फोटो असतो. चिखलाने माखलेली थार नाहीतर जिप्सी, मागे धुकं, खाली एकच शब्द: "स्वप्न".

या प्रश्नाचं हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर मला देता येत नाही. पण माझ्याकडे चार वर्षांपासून २०११ ची मारुती जिप्सी आहे. येत्या नोव्हेंबरमध्ये तिला १५ वर्षं होतील, आरसी संपेल. म्हणजे गाडी ठेवायची की काढायची, हे मलाही ठरवायचंय. तर आज आपण दोघं मिळूनच हिशोब करू.

जिप्सी म्हणजे नक्की काय

आधी थोडी ओळख. जिप्सी भारतात आली १९८५ साली. मूळ सुझुकीची जिम्नी, तिचा लांब केलेला अवतार. सुरुवातीला ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली. लष्कराने आणि पोलिसांनी ती प्रचंड वापरली, म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जिप्सी म्हटलं की हिरवा रंगच येतो. २०१८ च्या शेवटी सर्वसामान्यांसाठी बुकिंग बंद झालं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, आणि जिप्सीला एअरबॅग नव्हतीच.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

गाडी साधारण चार मीटर लांब, रुंदीला १५४ सेंटीमीटर. आजच्या थारपेक्षा बरीच अरुंद. वजन एक टनाच्या आसपास. चारही बाजूंना कमान पाटे. माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्यात दुपारी एकदा चालवून बघा, जिमची फी वाचते.

फोर बाय फोर काय करतं आणि काय नाही

बऱ्याच जणांना वाटतं, फोर बाय फोर म्हणजे गाडी कुठेही फसणार नाही. तसं नसतं.

जिप्सीमध्ये गिअरच्या शेजारी अजून एक दांडी असते. टू-हाय म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात. फोर-हाय म्हणजे चारही चाकांना ताकद जाते. आणि फोर-लो म्हणजे चारही चाकं, पण खालच्या गिअरिंगवर. गाडी मुंगीच्या वेगाने चालते पण चाकाला जोर खूप मिळतो. माझ्या मते खरी कमाल फोर-लोची आहे. चढाला क्लच न जाळता चढता येतं, आणि उताराला ब्रेक न दाबता इंजिनच्या जोरावर उतरता येतं. चिखलाच्या उतारावर ब्रेक दाबला की चाक लॉक होतं आणि गाडी घसरगुंडी खेळते. फोर-लोमध्ये पहिल्या गिअरला पाय दोन्ही पेडलवरून बाजूला ठेवून उतरा.

आता काय नाही, ते. डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर-हाय टाकायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. तो फरक सामावून घ्यायला या गाडीत मधे डिफरन्शियल नाही. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, सगळा दाब गिअर आणि क्रॉसवर येतो. पावसात "ग्रिप वाढावी म्हणून" हायवेला फोर-हाय टाकणारे मी बघितलेत. ग्रिप टायरमधून येते, दांडीमधून नाही.

दुसरं म्हणजे, तिरप्या खड्ड्यात एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत गेलं, तर सगळी ताकद त्या हवेतल्या चाकांकडे पळते. चार चाकांची गाडी तिथल्या तिथे उभी राहते. म्हणून मागे कायम दोन फळ्या, फावडं आणि टोचनाचा पट्टा असतो. आणि शक्यतो अजून एक गाडी सोबत.

घेताना काय बघायचं

रंग बघू नका. खाली वाका. जमलं तर रॅम्पवर चढवा.

पहिलं, चासी. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स मिळतो, पण सडलेली चासी म्हणजे विषय संपला. पाटे जिथे चासीला बसतात ती जागा, बॉडीच्या रबरांच्या खालचा भाग, पायाखालचा पत्रा, सगळं स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून बघा. किनाऱ्यावर राहिलेली गाडी असेल तर दुप्पट बघा, खारी हवा पत्र्याला आतून खाते. आणि खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर विचारा, "काय लपवलंय?"

दुसरं, तेलं. डिफरन्शियलचं तेल दुधाळ दिसलं, तर पाणी आत गेलंय. गाडी ओढ्यात घातली आणि नंतर तेल बदललं नाही, एवढा त्याचा अर्थ.

तिसरं, पुढची चाकं. स्टिअरिंगच्या नकलजवळ तेल ओघळलंय का, आणि ५०-६० च्या वेगाला खड्डा लागल्यावर स्टिअरिंग थडथडतं का. तसं होत असेल तर किंगपिनची बेअरिंग गेलेली असू शकतात.

चौथं, फोर बाय फोर खरंच चालतं का. हा प्रश्न फोनवर विचारून उपयोग नाही. कच्च्या जागेवर नेऊन फोर-हाय, फोर-लो दोन्ही टाकून बघा, आवाज ऐका. शहरात वर्षानुवर्षं ती दांडी कोणी हलवलेलीच नसते.

पाचवं, टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचा टायर कडक झालेला असतो. आणि चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर फोर-हायला मघाशी सांगितलेला ताण कायमचाच.

सहावं, कागद. यात लोक सगळ्यात जास्त अडकतात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टाच्या आदेशांमुळे टाच आली, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. किंमत कमी दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. हे दोन्ही धरून किंमत काढा. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर ती नागरी नोंदणीवर आलेली आहे का, आणि चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतो का, बघा. एम-परिवहन ॲपवर आरसी तपासा, चलनं तपासा, कर्ज बाकी आहे का तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही, आरटीओत नाव बदलेपर्यंत मागे लागा. आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवलीये का, तेही बघा.

सातवं, मॉडिफिकेशन. मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, पुढे लोखंडी बुलबार. इन्स्टाग्रामला हेच आवडतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट सांगितलं. बुलबारवर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने कारवाईचे आदेश दिलेत. म्हणजे विकणारा ज्याचे ५० हजार जास्त मागतोय, तेच तुम्हाला पासिंगला काढायला लागेल.

शहरात रोजचं जगणं

अरुंद असल्यामुळे पार्किंगला त्रास नाही, हा मोठा फायदा. बाकी सांभाळावं लागतं. कापडी हूडची गाडी कुलूप लावून बंद होत नाही, त्यामुळे आत काहीही ठेवायचं नाही, चार्जरसुद्धा. जुलैमध्ये हूडच्या शिवणीतून पाणी टपकतं. मी सीटवर प्लास्टिक टाकतो. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघायचं.

गाडी उभी ठेवली की बिघडते. बॅटरी उतरते, ब्रेक चिकटतात, सील कोरडी पडतात. आठवड्याला किमान वीस किलोमीटर आणि महिन्यातून एकदा कच्च्या जागेवर फोर-लो, हा माझा नियम.

मड टेरेन टायर, म्हणजे ते मोठ्या खाचांचे, शहरात घेऊ नका. आवाज करतात, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो. ऑल टेरेन पुरतात.

पार्ट मिळतात. हजारो गाड्या वर्षानुवर्षं पळाल्यात, त्यामुळे नाना पेठेत फिरलं की काही ना काही सापडतंच. पण जिप्सीचा हात असलेला मिस्त्री आधी शोधा आणि गाडी मग. माझे मिस्त्री, त्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात टायमिंग बेल्ट, सगळी तेलं, किंगपिनची बेअरिंग आणि पेट्रोलचे पाईप बदलले. पाईप का? तर आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्या काळातलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. "बाळा, पाईप दोनशेचा, आग लागली तर गाडी तीन लाखाची," एवढंच म्हणाले.

आता हिशोब

गाडी २०२२ मध्ये ३ लाख ४० हजारांना घेतली. सुरुवातीचं काम आणि पाच टायर मिळून ६२ हजार. दरवर्षी साधारण साडेचार हजार किलोमीटर चालते, लिटरला दहाच्या आसपास देते. पेट्रोल वर्षाला ४७ हजार. देखभाल सरासरी २८ हजार. थर्ड पार्टी विमा, १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला २०२२ मध्ये ठरलेला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे चार हजार. एकूण वर्षाला ७९ हजार. ८० धरा.

या गाडीचं मुख्य काम म्हणजे महिन्याला दोनदा गावी जाणं. वर्षाला २४ फेऱ्या. सगळा खर्च त्यांच्यावर टाकला तर एका फेरीला साधारण ३,३०० रुपये. ठीक आहे, भाड्याची गाडीही जवळपास तेवढे घेते.

पण हा हिशोब मला सोयीचा आहे, खरा नाही. कारण ऑक्टोबर ते मे बाबांची छोटी हॅचबॅकही गावी आरामात जाते. फोर बाय फोर लागतं फक्त पावसाळ्यात. चार महिने, आठ फेऱ्या. म्हणजे फेरीला दहा हजार.

तुम्हाला गाडी घ्यायची असेल तर हाच आकडा काढा. वर्षातल्या किती फेऱ्या अशा आहेत ज्या साध्या गाडीने होणारच नाहीत? शून्य असेल, तर तुम्ही शौकासाठी घेताय. शौक वाईट नाही, पण मग त्याला "गरज" म्हणून घरी पटवू नका. आठ-दहा असतील, तर पुढचा प्रश्न, त्या फेऱ्यांची किंमत काय?

शेवटचे दोन किलोमीटर

माझ्या आजीचं घर वेल्ह्याकडे आहे. पुण्यापासून साठ किलोमीटर. मुख्य रस्ता चांगला, पण फाट्यापासून वाडीपर्यंतचे दोन किलोमीटर लाल मातीचे, मधे एक ओढा आणि शेवटी उभा चढ. पावसाळ्यात त्या चढावर बाईकसुद्धा ढकलावी लागते. आजी ८१ वर्षांची आहे, पुण्यात यायला तयार नाही. "तुमच्या फ्लॅटात माझा जीव गुदमरतो." आई-बाबांनी दहा वर्षं समजावलं, नंतर सोडून दिलं.

त्या वाडीत पावसाळ्यात कोणी आजारी पडलं की ॲम्ब्युलन्स फाट्यावर थांबते. तिथपर्यंत माणूस झोळीत आणायचा. दोन बांबू, एक घोंगडी, चार खांदे. हे आजही होतं, पुण्यापासून साठ किलोमीटरवर.

२०२४ च्या जुलैमध्ये आजीला न्यूमोनिया झाला. मी योगायोगाने तिथेच होतो. चढ उतरायला फोर-लोमध्ये पंचवीस मिनिटं लागली, ओढ्याला शेजारचे दोन काका पुढे काठीने तळ तपासत चालले. फाट्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती, तिच्यात आजीला ठेवलं. झालं एवढंच. गाडीने जीव वाचवला वगैरे मी म्हणणार नाही, जीव डॉक्टरांनी वाचवला. पण एवढ्या वयाच्या बाईला त्या पावसात झोळीतून जावं लागलं नाही.

तेव्हापासून गाडी वाडीची झालीये. मी गेलो की कोणाचं खत, कोणाचं सिलिंडर, कोणाची तपासणी. पैसे घेत नाही. एकतर ते बरोबर नाही, आणि दुसरं, पांढऱ्या नंबरप्लेटवर भाडं घेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकतो. मागे गप्पा मारत कोण बसलंय हे विमा कंपनी विचारत नाही, पण पैसे दिले होते का, हे नक्की विचारते.

कुठे घालायची नाही

ऑफ-रोड म्हणजे रस्ता सोडून कुठेही, असं नाही. सह्याद्रीतले सडे, म्हणजे ते वरचे सपाट कातळ, उन्हाळ्यात रिकामे दिसतात. त्या दोन बोटं मातीत पावसाळ्यातल्या फुलांचं बी झोपलेलं असतं. एकदा चाक गेलं की तो पट्टा बराच काळ उघडा राहतो. कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. बहुतेक सड्यांना कुंपण नाही, तिथे तुम्हीच कुंपण. अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी नेणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली तर पोलीस पकडतात, आणि भरती त्याहून लवकर पकडते. आणि कोणाच्या भातखाचराचा बांध मोडून रील करू नका. तो बांध कोणीतरी वाकून घातलेला असतो.

माझा निर्णय

आता नोव्हेंबर. १५ वर्षांनंतर आरसी पाच वर्षांसाठी वाढवता येते. फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत. एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५,००० झाली, शिवाय राज्याचा पर्यावरण कर, आणि गाडी आरटीओत नेऊन तपासणी. चाचांनी ब्रेक आणि धुराचं काम धरून सगळं मिळून तीसेक हजार सांगितलेत.

दुसरा पर्याय, स्क्रॅप. नोंदणीकृत केंद्रात दिली तर प्रमाणपत्र मिळतं, आणि नव्या खासगी गाडीच्या टॅक्समध्ये केंद्राच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. पण नवी जिम्नी २०२३ मध्ये आली तीच पावणेतेरा लाखांना. एवढं कर्ज आठ फेऱ्यांसाठी मी काढणार नाही.

बाबांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला खोडता येत नाही. ते म्हणतात, "खर्चाचं सोड. एअरबॅग नाही, हायवेला मागून ट्रकने ठोकलं तर?" बरोबर आहे. हे मी तांत्रिक भाषेत गुंडाळू शकत नाही. जुनी मजबूत गाडी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. पत्रा जाड असला की धक्का पत्रा घेत नाही, आतला माणूस घेतो.

म्हणून घरात आम्ही असं ठरवलंय. आरसी वाढवायची. पण जिप्सी रात्री हायवेला नाही, एक्सप्रेसवेला कधीच नाही, वेग साठच्या वर नाही. मागच्या आडव्या सीटवर हायवेला कोणी बसणार नाही, ती फक्त फाट्याच्या आत. आई-बाबा गावी येतील तेव्हा हॅचबॅकने फाट्यापर्यंत, आणि तिथून जिप्सीने. आणि पावसाळ्याचे चार महिने जिप्सी पुण्यात न ठेवता फाट्यावरच्या ओळखीच्या दुकानामागे शेडमध्ये राहील. चावी वाडीतल्या एका दादाकडे. तो ट्रॅक्टर चालवतो, लायसन्स आहे, आणि चार रविवार आम्ही दोघांनी मिळून त्याच चढावर फोर-लोचा सराव केलाय. कारण आजारपण माझा वीकेंड बघून येत नाही.

ग्रामपंचायतीत त्या दोन किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता मंजूर झालाय म्हणतात. झाला, तर ज्या दिवशी ॲम्ब्युलन्स आजीच्या दारात उभी राहील, त्या दिवशी मी गाडी विकायला काढीन. वाईट वाटेल, पण तो रस्ता लवकर व्हावा असंच मला वाटतं.

तर मंडळी, स्वप्नाचा फोटो पाठवण्याआधी तुमचे "शेवटचे दोन किलोमीटर" कुठे आहेत ते बघा. असतील तर गाडी शोधायला माझ्याकडून जमेल ती मदत करीन. नसतील तरी शौक म्हणून घ्या, फक्त चासी बघून घ्या. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात उत्तरं देतो. काळजी घ्या, भेटू!